लुआब ते हायड्रोजेल : सुरतेच्या बाजारातील फुगणाऱ्या औषधद्रव्यांचा इतिहास

प्रस्तावना

औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळांत गेली काही दशके एका विषयावर सातत्याने संशोधन चालू आहे. वनस्पती किंवा प्राणी यांपासून मिळणारी, पाण्यात फुगणारी द्रव्ये एकमेकांत मिसळायची, त्या मिश्रणात औषध बांधून ठेवायचे आणि ते शरीरात योग्य जागी व योग्य वेगाने सुटेल अशी व्यवस्था करायची. इसबगोल, गवार, चिंचोका, डिंक, समुद्रशेवाळ, कोळंबीचे कवच ही त्यातील नेहमीची नावे होत. या द्रव्यांना शास्त्रीय भाषेत नैसर्गिक बहुवारिके किंवा पॉलिमर म्हणतात आणि त्यांच्या फुगलेल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या अवस्थेला हायड्रोजेल म्हणतात.

ही नावे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. यांतील अनेक द्रव्ये पश्चिम भारतातील अत्ताराच्या दुकानात पिढ्यान् पिढ्या विकली जात आहेत आणि त्यांच्या फुगण्याच्या गुणासाठीच ती वापरली गेली आहेत. युनानी वैद्यकात त्यासाठी 'लुआब' हा स्वतंत्र शब्द आहे. लुआब आणि हायड्रोजेल यांचा परस्परसंबंध काय, जुन्या ज्ञानात नेमके काय होते व काय नव्हते, आणि त्यातील कोणती गोष्ट विसरल्यामुळे माणसांना इजा झाली, याचा विचार प्रस्तुत निबंधात सुरत शहराच्या संदर्भात केला आहे.

बंदर आणि बाजार

इ.स. १५७३ मध्ये अकबराने सुरत जिंकली आणि पुढील शंभर-सव्वाशे वर्षे हे शहर मोगल साम्राज्याचे सर्वांत महत्त्वाचे बंदर राहिले. हजयात्रेची जहाजे येथूनच सुटत, म्हणून सुरतेला 'बाबुल मक्का' म्हणजे मक्केचे दार म्हटले गेले. मोखा, जेद्दा, बसरा आणि बंदर अब्बास या बंदरांशी तिचा नित्य व्यवहार होता. इ.स. १६४४ मध्ये शहाजहानच्या कारकिर्दीत प्रवाशांसाठी बांधलेली मुगलसराई ही इमारत आजही उभी असून १८६७ पासून तेथे नगरपालिकेचे कार्यालय आले. देशाच्या अंतर्भागातून बुऱ्हाणपूर व खानदेशमार्गे येणारा माल आणि समुद्रमार्गे येणारा माल यांची गाठ तापीच्या काठी पडत असे. अशा शहराच्या बाजारात हकिमाला लागणारी अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान या तिन्ही प्रदेशांतील द्रव्ये एकत्र येणे स्वाभाविक होते.

बंदराच्या शहरात माणसांबरोबर रोगही येतात. त्या काळच्या युरोपीय प्रवाशांच्या लेखनात पोटाच्या विकारांचा, विशेषतः आव आणि अतिसाराचा, उल्लेख वारंवार आढळतो. बराचसा प्रवास पायी करून हिंदुस्थानात आलेला इंग्रज प्रवासी थॉमस कोरियट हा १६१७ च्या अखेरीस मांडूहून सुरतेस पोहोचला तेव्हा त्याला अतिसार जडलेला होता. तेथील इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याचे स्वागत केले आणि त्याला आपल्या देशातून आलेली कडक मदिरा पाजली. विकार बळावला आणि डिसेंबर १६१७ मध्ये तो सुरतेतच मरण पावला. ही हकीकत इंग्रज राजदूत टॉमस रो याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने नमूद केली आहे. इसबगोलाने कोरियट वाचला असता असे म्हणणे हा इतिहास नव्हे. कारण इसबगोल आतड्यांना आराम देतो, रोगाचे मूळ कारण नष्ट करीत नाही. परंतु दाह झालेल्या आतड्यांना उत्तेजक पेय देणे आणि त्यांवर मऊ, बुळबुळीत लेप चढवणे या दोन विचारांतील अंतर या प्रसंगावरून स्पष्ट होते. दुसरा विचार ज्या वैद्यकाचा होता, ते वैद्यक त्याच शहरात प्रचलित होते.

लुआब : शब्द आणि कृती

'लुआब' हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ लाळ असा आहे. बी किंवा मूळ पाण्यात भिजवल्यावर जो चिकट, सरकता द्रव मिळतो त्याला युनानी औषधनिर्मितीत हे नाव मिळाले. इसबगोल, बिहीदाणा आणि खतमी यांचा लुआब काढण्याची पद्धत फार जुनी आहे. इसबगोलाला अरबी ग्रंथांत 'बज़्र-ए-कतूना' म्हणतात आणि इब्न सीनाच्या 'अल्-कानून' या अकराव्या शतकातील ग्रंथात त्याची नोंद आहे. आपण मराठीत वापरतो तो 'इसबगोल' हा शब्द मात्र फारसीतून आला. 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'गोल' म्हणजे कान. नावेसारख्या आकाराचे ते बारीक बी पाहिले की या नावाचे कारण सांगावे लागत नाही.

येथे मराठी वाचकाने आपल्या घरातील गोष्टीही आठवाव्यात. सब्जा भिजवला की प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक वलय तयार होते. मेथी रात्रभर भिजवली की पाणी बुळबुळीत होते. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ धनगरांच्या घोंगडीला लावतात, त्यामुळे लोकरीचे सूत ताठ व टिकाऊ होते. वस्तू वेगळ्या, उपयोग वेगळे, पण गुण एकच : पाणी शोषून फुगणे आणि ते धरून ठेवणे.

युनानी परंपरेने या गुणाचा केवळ वापर केला नाही, तर त्याभोवती काही नियमही घातले. त्यांपैकी तीन नियम महत्त्वाचे आहेत. पहिला, इसबगोलाचे बी कुटू नये, ते अखंडच वापरावे. दुसरा, ते आधी भिजवावे किंवा भरपूर द्रवाबरोबर घ्यावे. तिसरा, प्रत्येक औषधाबरोबर त्याचा दोष आवरणारे दुसरे द्रव्य द्यावे. त्याला 'मुस्लिह' असे नाव आहे. हे नियम उस्तादाकडून शागिर्दाकडे आणि दुकानदाराकडून गिऱ्हाइकाकडे तोंडी जात राहिले.

लेखी परंपराही कमी समृद्ध नव्हती. शहाजहानच्या काळातील हकीम नूरुद्दीन मुहम्मद अब्दुल्ला शिराज़ी याने औषधांची अरबी, फारसी व हिंदवी नावे एकत्र करणारा 'अल्फाज़ुल अदविया' हा कोश रचला. फ्रान्सिस ग्लॅडविन याने इंग्रजी भाषांतरासह तो १७९३ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केला. त्याच्याही आधी, १५६३ मध्ये, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा हिंदुस्थानातील औषधद्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ गोव्यात छापला गेला. ओर्ता हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात जात असे आणि तेथील हकिमांशी चर्चा करीत असे. म्हणजे युरोपला पश्चिम भारतातील औषधांची जी पहिली सविस्तर ओळख झाली, तीत दख्खनी दरबारातील मुस्लिम वैद्यांचा वाटा होता.

मापनाचा काळ

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून व्यापाराचे केंद्र हळूहळू सुरतेहून मुंबईकडे सरकले. कंपनीने १६८७ मध्ये आपले पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य ठाणे मुंबईस हलवले. औषधांचा व्यापारही त्याच वाटेने गेला. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बाजारात 'ईस्ट इंडिया गम' या नावाने जो डिंक विकला जाई, तो प्रत्यक्षात एडन व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मुंबईस येऊन पुढे रवाना होत असे. नाव हिंदुस्थानचे, झाड आफ्रिकेतले आणि निवडण्याची मेहनत मुंबईच्या गोदामातील, असा हा प्रकार होता.

याच शतकात इंग्रज वैद्यांनी इसबगोलाची दखल घेतली. फ्लेमिंग, एन्स्ली आणि रॉक्सबर्ग यांच्या ग्रंथांत त्याचे वर्णन आले आणि १८६८ च्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' मध्ये त्याला अधिकृत स्थान मिळाले. पुढे विल्यम डिमॉक याने वॉर्डन व हूपर या सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ सिद्ध केला. डिमॉक हा मुंबई इलाख्यात सेवेस होता. त्याने मुस्लिम ग्रंथकारांची मते, विशेषतः अठराव्या शतकातील 'मख्ज़नुल अदविया' मधील मते, नावानिशी दिली. ही त्याची मोठी कामगिरी होय. तथापि ग्रंथ लिहिणाऱ्याचे नाव राहिले आणि रोज द्रव्य पारखून देणारा अत्तार मात्र नावाशिवाय राहिला, हेही तितकेच खरे आहे.

आधुनिक औषधशास्त्राची खरी भर मापनाची आहे. लुआब 'दाट' किंवा 'पातळ' एवढे सांगून भागत नाही, तो किती, हे अंकात सांगावे लागते. त्यासाठी 'फुगणनिर्देशांक' ठरवतात. ठरावीक वजनाचे द्रव्य अंशांकित नळीत २५ मिलिलिटर पाण्यात टाकतात, पहिला तासभर दर १० मिनिटांनी हलवतात, नंतर ३ तास स्थिर ठेवतात आणि एक ग्रॅम द्रव्याने किती मिलिलिटर जागा व्यापली हे मोजतात. ब्रिटिश व युरोपीय औषधसंहितांनुसार अखंड इसबगोलाचा निर्देशांक किमान ९, तर त्याच्या भुशीचा किमान ४० असावा लागतो. अखंड जवसाचा तो किमान ४ आहे.

या आकड्यांत जुन्या नियमाचे उत्तर दडलेले आहे. इसबगोलाची फुगण्याची शक्ती बियाच्या बाहेरील पापुद्र्यात असते, गाभ्यात नाही. म्हणून बी कुटण्याने लुआबाच्या बाबतीत काही साधत नाही. उलट गाभ्यातील नको असलेली द्रव्ये त्यात मिसळतात. हकिमाला पेशींची रचना सूक्ष्मदर्शकाखाली दिसली नव्हती, पण कुटलेल्या व अखंड बियांच्या परिणामातील फरक त्याने पाहिला होता.

फुगण्याचे शास्त्र

इसबगोलाच्या भुशीत मुख्यतः अरॅबिनोझायलन नावाची शर्करेची लांब, फांद्या फुटलेली साखळी असते. या साखळीवर पाण्याशी जवळीक साधणारे असंख्य गट असतात. पाणी आत शिरते, साखळ्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि पदार्थ फुगतो. साखळ्या जेथे एकमेकींत अडकलेल्या असतात तेथे मात्र त्या सुटत नाहीत. पाण्याची आत शिरण्याची ओढ आणि साखळ्यांचा आवळून धरण्याचा जोर यांचा समतोल साधला की फुगणे थांबते. फ्लोरी व रेहनर यांनी १९४३ मध्ये हा समतोल गणिती रूपात मांडला. १९६० मध्ये विश्टर्ले व लिम या प्रागच्या संशोधकांनी शरीरात वापरण्याजोगे कृत्रिम हायड्रोजेल तयार केल्याचे जाहीर केले, तर १९६१ मध्ये हिगुची याने आधारद्रव्यातून औषध कोणत्या वेगाने बाहेर पडते याचे समीकरण दिले. या तीन पायांवर आजचे संशोधन उभे आहे.

गोळी गिळल्यावर तिच्या पृष्ठभागावर प्रथम जेलचा थर तयार होतो. आतील औषधाला या थरातून वाट काढावी लागते. थर दाट असेल तर औषध सावकाश सुटते, थर झिजला तर लवकर सुटते. म्हणजे फुगणे किती, किती वेळात आणि कोठे, या तीन प्रश्नांवर औषधाचा परिणाम अवलंबून असतो. हाच या विषयाचा गाभा आहे.

मिश्रण कशासाठी ?

एकच नैसर्गिक द्रव्य वापरले तर अडचणी येतात. पीक, हंगाम आणि साठवण यांप्रमाणे त्याचा गुण बदलतो. इसबगोलाचे उदाहरण घ्यावे. उत्तर गुजरातेत मेहसाणा, पाटण व बनासकांठा या भागांत हे पीक हिवाळ्यात घेतात. उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे आणि भुशी वेगळी करण्याचा उद्योग सिद्धपूर परिसरात आहे. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला तर बी शेतातच फुगते, गळते आणि पीक हातचे जाते. ज्या गुणासाठी ते पिकवले, तोच गुण शेतकऱ्याचे नुकसान करतो.

दुसरे असे की, शरीराच्या निरनिराळ्या भागांत परिस्थिती वेगळी असते. जठर आम्ल असते, लहान आतडे बरेचसे उदासीन असते. समुद्रशेवाळापासून मिळणारे अल्जिनेट आम्लात आकसते आणि आतड्यात फुगते. कोळंबी व खेकड्याच्या कवचातील कायटिनपासून बनवलेले कायटोसान याच्या उलट आम्लात फुगते व विरघळते. दोहोंवरचे विद्युतभार विरुद्ध असल्याने मिसळल्यावर ते एकमेकांना बांधून ठेवतात आणि दोघांच्या स्वभावांमधला एक नवा स्वभाव तयार होतो. गवारीचा डिंक जठर व लहान आतडे बहुतांशी न पचता ओलांडतो आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे विघटन करतात. त्यामुळे मोठ्या आतड्यापर्यंत औषध पोहोचवण्यासाठी तो उपयुक्त मानला जातो.

सुरतेला ही द्रव्ये परकी नाहीत. भावनगरला १९५४ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने समुद्रशेवाळातील द्रव्यांवर दीर्घकाळ काम केले आहे. सुरत जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत कोळंबीची तळी आहेत. आणि खुद्द शहरात, जेथे खानदेशातून गेलेले हजारो मराठी कामगार कापडाच्या धंद्यात राबतात, तेथील छपाईच्या कारखान्यांत रंग दाट करण्यासाठी गवार व चिंचोका यांचे डिंक वापरतात. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग छापायचे असतील तर मात्र अल्जिनेट घ्यावे लागते, कारण गवारीचा डिंक स्वतःच त्या रंगाशी जोडला जातो. कोणता डिंक कोणाबरोबर जमतो हे छपाई कारागिराला ठाऊक असते, आणि औषधाच्या प्रयोगशाळेतील प्रश्नही मुळात हाच आहे.

येथे 'मुस्लिह' ची आठवण होणे साहजिक आहे. एका द्रव्याचा दोष दुसऱ्याने आवरावा, ही दृष्टी दोन्हीकडे समान आहे. परंतु त्यावरून हकिमांना हायड्रोजेल ठाऊक होते असा दावा करणे योग्य होणार नाही. त्यांचा विचार मिज़ाजाच्या, म्हणजे उष्ण-शीत व कोरड्या-ओल्या गुणांच्या भाषेत चालत असे. औषध ठरावीक तासांत ठरावीक प्रमाणात सुटावे, ही कल्पना आधुनिक आहे. पूर्वजांचा गौरव करण्यासाठी त्यांच्या तोंडी न शोभणारे शब्द घालण्याची गरज नाही.

विसरलेल्या नियमाची किंमत

जुने नियम आज निरुपयोगी झाले आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील दोन घटनांवरून मिळते. तेथे गवारीच्या डिंकाच्या 'कॅल-बॅन ३०००' नावाच्या गोळ्या वजन कमी करण्यासाठी विकल्या जात. पोटात जाऊन डिंक फुगावा आणि भूक मंदावावी, असा त्यामागील हेतू होता. काही जणांच्या बाबतीत डिंक पोटात पोहोचण्याआधी अन्ननलिकेतच फुगला आणि ती बंद झाली. १९९० मध्ये या गोळ्यांवर कारवाई झाली आणि पचनमार्गातील अडथळ्याच्या २६ रुग्णांचे विश्लेषण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००७ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने इसबगोलाची दाणेदार स्वरूपातील रेचके चिठ्ठीशिवाय विकण्याच्या यादीतून काढून टाकली. कारण तेच होते.

आधी भिजवावे, भरपूर द्रवाबरोबर घ्यावे, हा नियम येथे मोडला गेला होता. अत्ताराकडून पुडी घेताना मिळणारी तोंडी सूचना कारखान्यातून निघालेल्या बाटलीबरोबर गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत पोहोचली नाही. द्रव्य समुद्रापार गेले, त्याचा दस्तूर मागे राहिला. फुगणारे द्रव्य औषध ठरते की अपाय, हे ते कोठे आणि केव्हा फुगते यावर अवलंबून असते. ही गोष्ट जुन्या नियमात होती आणि आजच्या प्रयोगशाळेचीही मुख्य चिंता तीच आहे.

समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लुआब आणि हायड्रोजेल यांमागील निसर्गनियम एकच आहे. दुसरी, दोन्ही ज्ञानपरंपरांचे सामर्थ्य वेगळे आहे. जुन्या परंपरेने निरीक्षण व सावधगिरीचे नियम दिले, नव्या शास्त्राने कारण, मोजमाप आणि नियंत्रण दिले. एकीने दुसरीची जागा घ्यावी असा प्रश्न नसून दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याचा प्रश्न आहे.

या दिशेने काही काम झाले आहे. युनानी वैद्यकाची राष्ट्रीय योगसंहिता १९८१ पासून भागशः प्रसिद्ध होत आली. २००१ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयात अरबी, फारसी व उर्दू ग्रंथांतील युनानी योगही घेण्यात आले, जेणेकरून त्यांवर परदेशात कोणी एकाधिकार सांगू नये. परंतु हे काम छापील ग्रंथांवर आधारलेले आहे. हकीम घराण्यांतील हस्तलिखित बयाज़ा, अत्तारांच्या वह्या आणि तोंडी सूचना यांचा त्यात समावेश होत नाही. अहमदाबादच्या हजरत पीर मुहम्मदशाह ग्रंथालयासारख्या संस्थांनी अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखिते जतन केली आहेत. पण ती वाचणाऱ्यांची संख्या कमी होत आहे.

म्हणून हे काम केवळ औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे नाही. फारसी-उर्दू लिपी वाचता येणारा आणि मराठी किंवा गुजरातीत स्वच्छ लिहिणारा भाषेचा विद्यार्थी येथे तितकाच आवश्यक आहे. एखाद्या जुन्या नुस्ख्यातील 'न कुटता' किंवा 'भिजवून' हे दोन शब्द भाषांतरात गळले, तर प्रयोगशाळेला चुकीचे द्रव्य आणि रुग्णाला चुकीची मात्रा मिळू शकते. सुरत, रांदेर, बुऱ्हाणपूर, औरंगाबाद आणि मुंबई येथील जुन्या घरांत अशा वह्या शिल्लक आहेत तोवर त्यांची नोंद होणे, वाचन होणे आणि त्यांतील सूचना प्रयोगशाळेत तपासल्या जाणे आवश्यक आहे. आपल्या शैक्षणिक संस्थांतील भाषा आणि विज्ञान या दोन्ही विभागांनी मिळून हे काम हाती घेतल्यास त्याचा लाभ संशोधनाला तर होईलच, शिवाय रोग्यालाही होईल.